विश्लेषण : कौशल्य आहे, पण स्पॉन्सर नाही! अमेरिकेत स्वतंत्र कंत्राटदारांची सुरक्षा मंजुरी का अडते?

अमेरिकेच्या संरक्षण आणि गुप्तचर यंत्रणांचे मोठे काम आज खासगी हातांतून होते. सायबर सुरक्षा, क्लाउड, उपग्रहांची माहिती, भाषांतर, विदा-विश्लेषण अशा कामांसाठी सरकारला बाहेरचे तज्ज्ञ हवे असतात. त्यातील अनेक जण कुठल्याही कंपनीत कायमस्वरूपी नोकरी न करता स्वतंत्रपणे काम करतात. मात्र गोपनीय कामाला हात लावायचा तर ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’ म्हणजेच सुरक्षा मंजुरी लागते आणि ती मिळवण्यासाठी व्यक्तीला स्वतःहून अर्जच करता येत नाही. मंजुरीशिवाय काम नाही आणि कामाशिवाय मंजुरी नाही, अशा कोंडीत फ्रीलान्सर सापडतात. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या भारतीय, त्यातही मराठी अभियंत्यांनाही हा प्रश्न भेडसावतो. ही व्यवस्था अशी का आहे आणि तिच्यातून वाट कशी निघते, याचा हा आढावा.

सुरक्षा मंजुरी म्हणजे नेमके काय?

एखाद्या व्यक्तीच्या हाती सरकारी गुपिते सोपवण्यास हरकत नाही, असा सरकारने घेतलेला निर्णय म्हणजे सुरक्षा मंजुरी. माहिती उघड झाल्यास देशाचे किती नुकसान होईल, यावरून तिचे ‘कॉन्फिडेन्शियल’, ‘सीक्रेट’ आणि ‘टॉप सीक्रेट’ असे तीन दर्जे ठरतात. गुप्तचर स्रोतांशी संबंधित माहितीसाठी याहून वेगळी, अधिक कडक परवानगी लागते. सीआयए, एनएसए यांसारख्या संस्था पॉलिग्राफ चाचणीही घेतात.

इथे दोन गोष्टींमध्ये गल्लत होते. एक म्हणजे पात्रता आणि दुसरी म्हणजे प्रत्यक्ष माहिती पाहण्याची मुभा. चौकशीत एखादी व्यक्ती विश्वासू ठरली तरी सर्व गोपनीय कागद तिच्यासाठी खुले होत नाहीत. हातातील कामासाठी जेवढी माहिती आवश्यक तेवढीच मिळते आणि काम संपले की मुभाही संपते. म्हणूनच वाहन परवाना किंवा सीए, वकिलीची सनद यांच्याप्रमाणे ही मंजुरी व्यक्तीच्या मालकीची नसते. नोकरीच्या जाहिरातींत ‘अ‍ॅक्टिव्ह क्लिअरन्स असलेल्यांनीच अर्ज करावा’ असे लिहिलेले असते. त्यामुळे ही एखादी पदवी असावी असा समज होतो. प्रत्यक्षात ती व्यक्ती, काम आणि काम देणारी संस्था या तिघांना मिळून दिलेली परवानगी असते.

स्वतः अर्ज का करता येत नाही?

अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी १९९५ मध्ये काढलेला १२९६८ क्रमांकाचा कार्यकारी आदेश आजही या व्यवस्थेचा पाया आहे. गोपनीय माहितीची प्रत्यक्ष गरज असेल तरच पात्रतेची चौकशी करावी, असे त्याचे सूत्र आहे. ही गरज आहे असे व्यक्तीने म्हणून चालत नाही. सरकारी खाते किंवा मान्यताप्राप्त कंपनीने ते सांगावे लागते. हाच तो स्पॉन्सर.

खासगी उद्योगांसाठी १९९३ पासून राष्ट्रीय औद्योगिक सुरक्षा कार्यक्रम आहे. त्याची नियमावली २०२१ मध्ये संघीय नियमसंहितेचा भाग झाली. उद्या एखादे कंत्राट मिळेल तेव्हा उपयोगी पडतील म्हणून मंजुरीधारक माणसांचा साठा करून ठेवण्यास ही नियमावली कंपन्यांना मनाई करते. हातातील कामासाठी लागतील तेवढ्याच व्यक्तींची नावे पाठवायची, हा नियम. यामागचा तर्क सरळ आहे. जितकी माणसे जास्त, तितक्या गळतीच्या शक्यता जास्त आणि प्रत्येक चौकशीचा खर्च सरकारी तिजोरीतून होतो.

कंपनीतील पगारदाराला याची झळ फारशी जाणवत नाही. तो दुसऱ्या कामावर असताना कंपनी त्याचे नाव पाठवते आणि निर्णय येईपर्यंत त्याचा पगार सुरू राहतो. फ्रीलान्सरच्या पाठीशी अशी कायमची संस्था नसते. प्रत्येक नव्या कामाबरोबर त्याचा स्पॉन्सर बदलतो आणि दोन कामांच्या मधल्या काळात तर स्पॉन्सरच नसतो.

मग फ्रीलान्सरसमोर मार्ग कोणते?

मार्ग मुख्यतः तीन आहेत. पहिला, सल्लागार म्हणून काम करण्याचा. नियमावलीत यासाठी स्वतंत्र तरतूद आहे. मान्यताप्राप्त कंपनी एखाद्या तज्ज्ञाशी थेट करार करून त्याला स्पॉन्सर करू शकते. सुरक्षेच्या कारणांपुरता तो त्या कंपनीचा कर्मचारी मानला जातो. सुरक्षेची कोणती जबाबदारी कोणाची, याचे प्रमाणपत्र दोघांनी मिळून द्यायचे असते. तज्ज्ञाने स्वतःची कंपनी नोंदवली असेल, पण तिच्यात तो आणि त्याचे कुटुंबीय एवढेच असतील आणि गोपनीय माहिती फक्त त्यालाच लागणार असेल, तर त्या कंपनीसाठी वेगळी मान्यता काढावी लागत नाही. मात्र दोन मर्यादा आहेत. त्याच्या सेवेचा वापर स्पॉन्सर कंपनीनेच करायला हवा, म्हणजे तिला केवळ नावापुरते मधे घालता येत नाही. शिवाय गोपनीय कागद किंवा उपकरणे घरी ठेवता येत नाहीत. घरून काम करण्याची सवय असलेल्या फ्रीलान्सरला इथे कंपनीच्या सुरक्षित दालनात जाऊनच काम करावे लागते.

दुसरा मार्ग म्हणजे आपल्या छोट्या कंपनीसाठीच मान्यता मिळवणे. परंतु कंपनीलाही स्वतः अर्ज करता येत नाही. सरकारी खात्याने किंवा आधीच मान्यता असलेल्या बड्या कंत्राटदाराने तिचे नाव सुचवावे लागते. त्यानंतर मालकी कोणाची, परदेशी भांडवल किंवा प्रभाव आहे का, याची तपासणी होते. सुरक्षा अधिकारी आणि आतल्या माणसांकडून संभवणाऱ्या धोक्यावर लक्ष ठेवणारा अधिकारी नेमावा लागतो. लहान कंपनीत या जबाबदाऱ्या एकाच व्यक्तीकडे असू शकतात, तरी नोंदी, प्रशिक्षण आणि तपासण्यांचा भार कमी होत नाही.

तिसरा मार्ग सर्वाधिक रुळलेला. मान्यताप्राप्त कंपनीच्या पगारपत्रकावर मुदतीपुरता कर्मचारी म्हणून जायचे. अमेरिकी करव्यवस्थेच्या भाषेत ‘१०९९’ सोडून ‘डब्ल्यू-२’ व्हायचे. मंजुरीचा प्रश्न त्यातून सुटतो, पण स्वतःचा दर ठरवण्याचे आणि ग्राहक निवडण्याचे स्वातंत्र्य बरेचसे जाते. सरकार तासाला जे मोजते त्यातील मोठा वाटा कंपनीकडे राहतो. म्हणजे कौशल्य व्यक्तीचे, पण त्यावरचा टोल कंपनीचा. मंजुरीची ही रचना बड्या कंत्राटदार कंपन्यांच्या पथ्यावर पडते ती अशी.

चौकशीत काय तपासले जाते?

सुरुवात ‘एसएफ-८६’ या अर्जाने होते. त्याची छापील प्रत सव्वाशेहून अधिक पानांची आहे. मागील दहा वर्षांत कुठे राहिलात, कुठे काम केले, परदेशात कोणाशी संबंध आहेत, कर्जे, कर, अटक, अमली पदार्थ, मानसिक आरोग्य असे प्रश्न त्यात असतात. जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा गुन्हा असून त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. माहितीची छाननी तेरा निकषांवर होते. त्यात निष्ठा, परदेशी प्रभाव, आर्थिक वर्तन, मद्य आणि अमली पदार्थ, गुन्हेगारी, संगणकाचा गैरवापर इत्यादींचा समावेश आहे. एखादी चूक आढळली म्हणून थेट नकार येत नाही. ती किती जुनी, किती गंभीर, त्यानंतर व्यक्ती कशी वागली, असा समग्र विचार करावा, असे धोरण आहे.

फ्रीलान्सर यात काही ठरावीक ठिकाणी अडकतात. कामाच्या इतिहासात खंड चालत नाही. ‘तेव्हा स्वतःचे काम करत होतो’ एवढे पुरत नाही, तर त्याला दुजोरा देऊ शकणाऱ्या व्यक्तीचे नाव द्यावे लागते. दुसरी अडचण कराची. पगारदाराचा कर परस्पर कापला जातो, फ्रीलान्सरला तो दर तिमाहीस स्वतः भरावा लागतो. काम नसलेल्या महिन्यांत हप्ते थकतात, क्रेडिट कार्डाची बाकी वाढते. मंजुरी नाकारली जाण्याच्या कारणांत आर्थिक अडचणी नेहमीच वरच्या क्रमांकावर असतात, कारण कर्जबाजारी माणूस आमिषाला बळी पडू शकतो असे सरकार मानते. तिसरी अडचण परदेशी ग्राहकांची. ऑनलाइन मंचावरून सिंगापूर किंवा दुबईतील कंपनीसाठी केलेले छोटे कामही नोंदवावे लागते. चौथी, गांजाची. अनेक राज्यांत त्याचे सेवन कायदेशीर असले तरी मंजुरी संघराज्याच्या कायद्यानुसार मिळते आणि तिथे तो अद्याप नियंत्रित पदार्थच आहे.

भारतीय वंशाच्या अर्जदारांसाठी वेगळे काय?

मूलभूत अट अमेरिकी नागरिकत्वाची आहे. एच-१बी व्हिसाधारकच नव्हे, तर ग्रीन कार्डधारकही पात्र ठरत नाहीत. एखाद्या परदेशी नागरिकाकडे दुर्मीळ कौशल्य असेल तर त्याला अपवाद म्हणून मर्यादित प्रवेश देता येतो, पण तोही ‘सीक्रेट’ दर्जापलीकडे जात नाही. ग्रीन कार्डासाठीच वर्षानुवर्षे रांगेत असलेल्या भारतीयांना त्यामुळे या क्षेत्राचे दार बराच काळ बंद राहते.

नागरिकत्व मिळाल्यानंतर जन्माने अमेरिकी आणि नागरिकत्व घेतलेला असा भेद नियमात नाही. पण परदेशी प्रभावाचा निकष लागू होतो. आईवडील पुण्यात, भाऊ सरकारी नोकरीत, नाशिकमध्ये नावावर फ्लॅट, बँकेत मुदत ठेव हे मराठी घरांत अगदी सर्वसाधारण चित्र. त्यातील प्रत्येक गोष्ट अर्जात लिहावी लागते. नातेवाईक परदेशात आहेत एवढ्यावरून मंजुरी नाकारली जात नाही. त्या नात्याचा वापर करून दबाव आणता येईल का, परदेशातील मालमत्ता अमेरिकेतील मालमत्तेच्या तुलनेत किती मोठी आहे आणि तो देश कोणता, हे पाहिले जाते.

भारतीय कायद्यानुसार परक्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. त्यामुळे दुहेरी नागरिकत्वाचा मुद्दा भारतीयांबाबत तुलनेने सोपा आहे. ओसीआय कार्डाच्या नावात ‘नागरिक’ असले तरी त्याने मतदानाचा हक्क किंवा भारतीय पासपोर्ट मिळत नाही. मात्र हे चौकशी अधिकाऱ्याला ठाऊक असेलच असे गृहीत न धरता अर्जात स्पष्ट करणे हिताचे. मंजुरी मिळाल्यावरही २०१७ पासून लागू असलेल्या नियमांनुसार खासगी परदेश प्रवासाची माहिती आधी द्यावी लागते. गणपतीला किंवा लग्नकार्याला गावी येणेही त्याला अपवाद नाही.

वेळ किती लागतो, खर्च कोणाचा?

चौकशीचा खर्च सरकार करते, अर्जदार नव्हे. त्यामुळे पैसे घेऊन मंजुरी मिळवून देतो असे सांगणारा कोणीही फसवणूक करत असतो, हे पक्के लक्षात ठेवावे.

खरा प्रश्न वेळेचा. २०१८ च्या एप्रिलमध्ये प्रलंबित चौकश्यांची संख्या सव्वासात लाखांवर पोहोचली होती. तेव्हा ‘टॉप सीक्रेट’ दर्जासाठी वर्षाहून अधिक काळ लागणे नेहमीचे झाले होते. २०१९ मध्ये हे काम संरक्षण खात्याच्या ‘डीसीएसए’ या संस्थेकडे गेले आणि पुढच्या वर्षभरात प्रलंबित प्रकरणे दोन लाखांच्या आसपास आली. तरीही वाट पाहण्याचे महिने संपलेले नाहीत. प्राथमिक तपासणीत काही आक्षेपार्ह आढळले नाही तर अंतरिम मंजुरी मिळू शकते, परंतु ती कधीही काढून घेता येते. सहा महिन्यांच्या कंत्राटासाठी आठ महिने चौकशी चालणार असेल, तर कंपनी नवा माणूस कशाला स्पॉन्सर करील? ती आधीच मंजुरी असलेल्याला घेते. पूर्वीची मंजुरी असलेल्या व्यक्तीला साधारण दोन वर्षांच्या आत पुन्हा स्पॉन्सर मिळाला तर नव्याने संपूर्ण चौकशी टळते, असा प्रदीर्घ काळचा संकेत आहे. माजी सैनिक आणि माजी सरकारी कर्मचारी फ्रीलान्स बाजारात पुढे असतात ते यामुळेच.

स्नोडेन प्रकरणानंतर काय बदलले?

२०१२ च्या सरकारी आकडेवारीनुसार ‘टॉप सीक्रेट’ मंजुरी असलेल्या सुमारे १४ लाख व्यक्तींपैकी ४ लाख ८३ हजार कंत्राटी होत्या. पुढच्याच वर्षी त्यांच्यापैकी एक असलेल्या एडवर्ड स्नोडेन यांनी एनएसएच्या पाळत कार्यक्रमाची कागदपत्रे जगासमोर आणली. ते ‘बूझ अ‍ॅलन हॅमिल्टन’ या कंपनीमार्फत काम करत होते. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला वॉशिंग्टनच्या नौदल तळावर अ‍ॅरन अलेक्सिस या उपकंत्राटदाराच्या कर्मचाऱ्याने १२ जणांची हत्या केली. त्याच्या मंजुरीसाठीची चौकशी २००७ मधील होती आणि त्यानंतरचे त्याचे बिघडलेले वर्तन व्यवस्थेच्या नजरेत आलेच नव्हते. या दोघांचीही पार्श्वभूमी तपासली होती ‘यूएसआयएस’ या खासगी कंपनीने. अपुऱ्या चौकश्या पूर्ण झाल्याचे दाखवल्याचा आरोप या कंपनीवर सरकारने केला आणि २०१५ मध्ये तिने तीन कोटी डॉलरच्या येण्यांवर पाणी सोडून तडजोड केली. त्याच वर्षी उघड झालेल्या सायबर हल्ल्यात तर चौकश्यांसाठी दिलेली २ कोटी १५ लाख लोकांची माहिती चोरीला गेली.

यानंतर पाच-दहा वर्षांनी फेरचौकशी करण्याऐवजी सतत देखरेखीची पद्धत आली. अटक, मोठे कर्ज, संशयास्पद व्यवहार यांची सूचना यंत्रणेला आपोआप मिळते. फ्रीलान्सरसाठी याचे दोन अर्थ आहेत. त्याच्या आर्थिक चढउतारांवर कायम लक्ष राहते. दुसरीकडे, माहिती अद्ययावत असल्याने एका कामावरून दुसऱ्या कामावर जाणे पूर्वीपेक्षा सुकर होऊ शकते.

मंजुरी नाकारली तर दाद कुठे?

या प्रश्नाचे उत्तर विल्यम ग्रीन या वैमानिकी अभियंत्याच्या लढ्यात आहे. संरक्षण कंत्राटे घेणाऱ्या कंपनीत ते वरिष्ठ पदावर होते. १९५३ मध्ये त्यांची मंजुरी काढून घेतली गेली आणि नोकरी गेली. आपल्याविरुद्ध कोणी काय सांगितले, हे त्यांना कळूही दिले नाही. पुढे त्यांना पूर्वीच्या सुमारे पाव पगारावर आरेखकाचे काम करावे लागले. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. साक्षीदारांना सामोरे जाण्याची संधी नाकारण्याचा अधिकार खात्याला ना अध्यक्षांनी दिला होता ना काँग्रेसने, असे न्यायालयाने म्हटले. त्यानंतर फेब्रुवारी १९६० मध्ये अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी कंत्राटदारांच्या कर्मचाऱ्यांसाठी कारणांची लेखी नोटीस, सुनावणी आणि उलटतपासणी यांची तरतूद करणारा आदेश काढला. तो आजही लागू आहे.

मात्र १९८८ मधील ईगन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दुसरी बाजूही स्पष्ट केली. सुरक्षा मंजुरी हा कोणाचाही हक्क नाही आणि ती द्यावी की नाही हा निर्णय कार्यपालिकेचा आहे. म्हणजे प्रक्रिया नीट झाली का हे विचारता येते, निर्णय बरोबर होता का हे न्यायालय सहसा पाहत नाही.

फ्रीलान्सरची कोंडी इथे सर्वाधिक तीव्र होते. संरक्षण खात्याच्या नियमांनुसार अर्जदाराला गोपनीय माहितीची गरज उरली नाही की सर्वसाधारणपणे प्रकरण बंद होते. सुनावणी सुरू झाली असेल, निर्णय झाला असेल किंवा मंजुरी निलंबित असताना अर्जदाराने लेखी विनंती केली असेल तरच ते पुढे चालते. आक्षेपांची नोटीस आल्यावर कंपनीने कंत्राट संपवले, तर नव्या अर्जदाराला आपली बाजू मांडण्याचे व्यासपीठच राहत नाही. त्याच्यावर ठपका सिद्ध होत नाही आणि पुसलाही जात नाही. पुढच्या स्पॉन्सरला मात्र नोंदीत अनुत्तरित आक्षेप दिसतात. ग्रीन यांना मिळालेला सुनावणीचा हक्क कागदावर फ्रीलान्सरलाही आहे, परंतु त्याची किल्ली स्पॉन्सरच्या हाती आहे.

ट्रम्प यांच्या आदेशांमुळे काय बदलले?

मंजुरी संस्थेला बांधलेली असण्याचा धोका २०२५ मध्ये वेगळ्या प्रकारे समोर आला. ९ एप्रिलला अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी सायबर सुरक्षा संस्थेचे माजी प्रमुख ख्रिस क्रेब्स यांची मंजुरी रद्द करण्याचा आदेश दिला. २०२० ची निवडणूक सुरक्षित झाली, असे क्रेब्स यांनी तेव्हा जाहीर केले होते. आदेश त्यांच्यापुरता थांबला नाही. ते काम करत असलेल्या ‘सेंटिनेलवन’ कंपनीतील इतरांच्या मंजुऱ्याही फेरतपासणीपर्यंत निलंबित करण्यास सांगण्यात आले. काही दिवसांतच क्रेब्स यांनी कंपनी सोडली. त्याआधी मार्चमध्ये ‘पर्किन्स कुई’ या विधि कंपनीतील वकिलांच्या मंजुऱ्यांवर असाच आदेश निघाला. २ मे रोजी जिल्हा न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. मंजुरी देणे-न देणे हा सरकारचा अधिकार असला तरी सूड म्हणून संपूर्ण संस्थेला शिक्षा करता येणार नाही, असा या निकालाचा आशय आहे.

मोठ्या विधि कंपनीकडे न्यायालयात जाण्याची ताकद असते. एकट्या कंत्राटदाराकडे ती नसते आणि दुसऱ्याच्या वादामुळे स्पॉन्सर अडचणीत आला तर त्याचेही काम थांबते. मंजुरीची गरज असलेल्या क्षेत्रात उतरू पाहणाऱ्याने म्हणूनच करारावर सही करण्यापूर्वी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. स्पॉन्सर नक्की कोण, चौकशीच्या काळात गोपनीय नसलेले काम आणि त्याचे पैसे मिळतील का, आणि आक्षेपांची नोटीस आली तर सुनावणीपर्यंत कंपनी करार कायम ठेवील का? यातील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर करारात लेखी असणे सर्वांत महत्त्वाचे. अमेरिकी सरकारला लवचीक मनुष्यबळ हवे आहे, पण विश्वास ठेवण्यासाठी ते अजूनही व्यक्तीच्या मागे उभ्या असलेल्या संस्थेकडेच पाहते. हे बदलत नाही तोवर फ्रीलान्सरला स्वतःचे कौशल्य सिद्ध करण्याइतकेच लक्ष पाठीशी कोण उभे आहे याकडेही द्यावे लागेल.